गिफ झिप केली तरी तेवढीच का?

प्रश्न: आमच्या रोमटामेळाची (शिगम्याच्या मिरवणुकीत ढोल-ताशांवर नाचणारं पथक) वेबसाइट करतोय, शिगम्याआधी लाइव्ह करायचीय. घोडेमोडणीचं (कमरेला घोड्याचा सांगाडा बांधून करतात तो नाच) छोटं अ‍ॅनिमेशन आफ्टर इफेक्ट्समध्ये केलं, पण गिफ काढली तर भली मोठी झाली. झिप करून बघितली, काहीच फरक नाही. मित्र म्हणतो लॉटी (आकार आणि हालचाली आकड्यांत साठवणारं अ‍ॅनिमेशन) कर, पण त्याची जेसॉन फाइल नको, डॉट लॉटी वापर. खरंच फरक पडतो का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर: गिफ झिपने कमी होणार नाही, कारण ती आधीच दाबलेली असते. १९८७ पासून गिफच्या आत एलझेडडब्ल्यू कॉम्प्रेशन असतंच, पिळलेला कपडा परत पिळून किती पाणी निघणार. वर एका फ्रेमला २५६च रंग, म्हणजे तुमच्या घोड्यांच्या झुली डागाळलेल्या दिसणार ते वेगळंच.

जेसॉनचं उलट आहे. बॉडीमूव्हिनने (आफ्टर इफेक्ट्समधून लॉटी काढणारं प्लगइन) काढलेली फाइल एकदा नोटपॅडमध्ये उघडून बघाच, साधा मजकूर असतो, प्रत्येक लेयरला तेच ते 'टीवाय', 'केएस' आणि आकड्यांच्या रांगा, आणि असं परत परत येणारं काही असलं की ते मस्त दबतं. डॉट लॉटी म्हणजे तीच जेसॉन झिपमध्ये भरलेली, विश्वास नसेल तर कॉपी करून एक्स्टेन्शन झिप करा आणि उघडा, आत मॅनिफेस्ट आणि अ‍ॅनिमेशन दिसेल.

आता मित्राचं अर्धंच बरोबर. तुमचा सर्व्हर जेसॉनला जीझिप किंवा ब्रॉटली (पाठवताना फाइल दाबायच्या पद्धती) लावून पाठवत असेल तर डाउनलोडमध्ये फारसा फरक पडणार नाही. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये त्या फाइलचं 'कंटेंट एन्कोडिंग' बघा, काहीच नसेल तर होस्टिंगवाल्याला सांगून चालू करून घ्या, नाहीतर डॉट लॉटी वापरा. आणि दोन्हींना प्लेअरची स्क्रिप्ट लागतेच, तिचं वजन लोक हिशोबात धरतच नाहीत!

एक गोष्ट मात्र तपासा, घोड्याच्या तोंडाला वगैरे फोटो लावलाय का? तो जेसॉनमध्ये बेस६४ (म्हणजे फोटोचा साधा मजकूर) होऊन बसला तर मूळ फोटोपेक्षा साधारण तिसऱ्या हिश्शाने फुगतो. डॉट लॉटीत तो वेगळी फाइल म्हणून राहतो, तिथे मित्र जिंकला. पण सगळंच फोटोंवर असेल तर लॉटीचा नाद सोडा, सरळ एमपीफोर लावा, फक्त म्यूट ठेवा, नाहीतर मोबाइलवर आपोआप सुरूच होणार नाही.