ब्रिटनची पदवी, मुलुंडचं घर आणि अडीच लाखांचा हप्ता

मुलुंडच्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ५६, खासगी नोकरी, ५८ ला निवृत्ती. हातात महिन्याला एक लाख दहा हजार, घरखर्च साठ हजार. पीएफमध्ये ३८ लाख, एफडी २४ लाख. मुलगी २३ वर्षांची, यंदा बी. आर्क. झाली. तिला ब्रिटनमध्ये नगर व प्रादेशिक नियोजनात मास्टर्स करायचंय. फी आणि राहणं मिळून ३५ लाख. प्रश्न एवढाच: एफडी मोडू, की घर तारण ठेवून शैक्षणिक कर्ज काढू?

आणि शेवटी, जाता जाता एक ओळ: ‘मुलीच्या शिक्षणासाठी दोन वर्षांपूर्वी बँकेतून पॉलिसी घेतली आहे. वर्षाला अडीच लाख, दहा वर्षं भरायचे. पंधराव्या वर्षी ३८ लाख हमखास.’

साहेब, पंधरावं वर्ष उजाडेल तेव्हा मुलगी ३६ वर्षांची असेल. तिच्या कुठल्या शिक्षणासाठी हे पैसे येणार आहेत? तुम्ही स्वतः ६९ चे असाल. फॉर्मवर तुमची जन्मतारीख बघूनही बँकेतल्या ज्या बाईंनी ही पॉलिसी गळ्यात मारली, त्यांचं त्या महिन्याचं टार्गेट तेवढं पूर्ण झालं असणार.

२५ लाख भरून ३८ लाख म्हणजे ‘दीडपट’. ऐकायला झकास. हिशेब मांडला तर परतावा निघतो वर्षाला चार टक्के. पीपीएफ सध्या ७.१ टक्के देतंय. त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. उरलेल्या आठ हप्त्यांपैकी सहा तुमच्या निवृत्तीनंतर येतात. पगार बंद आणि वर्षाला अडीच लाख चालू. हे १५ लाख त्याच एफडीतून जाणार, जी तुम्ही आज मोडायला निघालात.

आता निवृत्तीचं बघा. ५८ पर्यंत पीएफ ४५ लाखांच्या आसपास जाईल. एफडी शाबूत राहिली तर एकूण ६९. सात टक्क्यांनी वर्षाला पावणेपाच-पाच लाख. ईपीएसचे, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शनचे, दरमहा साडेसात हजार धरले तरी पावणेसहा. घरखर्च आजच सव्वासात लाख आहे. म्हणजे एफडीला हात न लावताही पहिल्या वर्षापासून मुद्दल खावं लागणार. एफडी मोडायची नाही, विषय संपला.

मग कर्ज? ३५ लाख, ११ टक्के, दहा वर्षं: महिन्याला ४८ हजारांचा हप्ता. शिवाय शिकत असताना आणि नोकरी शोधत असताना व्याज वर्षाला पावणेचार लाखांनी चढतच असतं. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची प्राप्तिकरातली वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, तिच्या भरवशावर राहू नका.

पत्राच्या तळाशी मुलीने वेगळ्या शाईत लिहिलंय, ‘परत येऊन मुंबईतच काम करायचं आहे, शक्यतो एमएमआरडीएत.’ म्हणजे मुंबई महानगराच्या विकास प्राधिकरणात. ही ओळ मला सगळ्या पत्रात सर्वांत शहाणी वाटली. पण मग ब्रिटन कशाला? इथलं काम १९६६ च्या एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना) कायद्यावर चालतं; बांधकामाची नियमावली म्हणाल तर मुंबईत डीसीपीआर २०३४, उरलेल्या बहुतेक राज्यात यूडीसीपीआर. सहायक नगर रचनाकाराची पदं एमपीएससीतून भरतात. तिकडे ती तिकडचा कायदा शिकेल आणि इथला परत आल्यावर, कर्जाचा हप्ता भरता भरता.

एम. प्लॅन., म्हणजे नियोजनातलं मास्टर्स, दिल्ली, भोपाळ, विजयवाड्याच्या एसपीएत (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) आहे. आयआयटी खरगपूर आणि रुरकीत नियोजनाचे मास्टर्स आहेत. त्यासाठी गेट या प्रवेश परीक्षेचा ‘एआर’ (आर्किटेक्चर आणि प्लॅनिंग) पेपर द्यायचा, त्यात नियोजनाचा वेगळा भाग निवडता येतो. फेब्रुवारीत परीक्षा, गुण तीन वर्षं चालतात. गेटमधून प्रवेश मिळाला तर दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन, दोन वर्षांचे जवळपास तीन लाख. फी-वसतिगृहाला पाचेक लाख धरा. उरलेले दोन लाख तुमच्या पगारातून आरामात निघतात. दोन-चार वर्षं काम केल्यावर तिला बाहेर जायचंच असेल तर शिष्यवृत्ती शोधून, स्वतःच्या नावावर जाऊ दे.

‘सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाणार, कॉर्पस येईल’ असंही तुम्ही लिहिलंय. कॉर्पस म्हणजे विकासकाकडून सभासदांना मिळणारी एकरकमी रक्कम. सध्या झालाय फक्त सर्वसाधारण सभेचा ठराव. पुढे विकासक, करार, मग महापालिकेचे परवाने: आयओडी (आराखड्याला अटींसह मंजुरी), सीसी (बांधकाम सुरू करण्याचा दाखला), ओसी (राहायला जाण्याचा दाखला). यातला प्रत्येक टप्पा अडकलेल्या इमारती तुमच्या स्टेशनपासून चालत जाऊन बघता येतील. मुलीला विचारा, ती रंगवून सांगेल. कॉर्पस खात्यात येईपर्यंत शून्य धरायचा. आणि घर तारण ठेवलंत तर विकासकाशी करार करताना बँकेची एनओसी मागत फिरावं लागेल, ते वेगळंच.

राहिली पॉलिसी. तिसरा हप्ता भरू नका. विमा कंपनीकडून (बँकेकडून नव्हे) सरेंडर (आत्ता बंद केली तर काय मिळेल) आणि पेड-अप (पुढे न भरता तशीच ठेवली तर मुदतीला काय मिळेल), दोन्ही आकडे लेखी मागवा. समजा भरलेल्या पाचातले तीनच लाख परत मिळाले. दोन लाख गेले, जीव जळेल. पण ते तीन आणि पुढचे वीस लाख यातच ठेवलेत तर इथून पुढचा परतावा जेमतेम पाच टक्के पडतो. तेव्हा सरेंडरचा आकडा अगदीच कमी नसेल तर सरेंडर करा. बँकेतल्या बाई आधी ‘आत्ता नुकसान होईल’ म्हणतील, मग हेच पैसे दुसऱ्या योजनेत वळवून देते म्हणतील. दोन्हीला नाही म्हणा आणि अर्जाची शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.