लुगड्यातला गुडघा मोबाइलला दिसेना

प्रश्न : सासूबाई ६८ वर्षांच्या. दीड महिन्यानं मिरजेला उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. तोवर घरी व्यायामासाठी फिजिओथेरपिस्टनी मोबाइलवर ॲप टाकून दिलंय. कॅमेऱ्यातून बघून ते पाय मोजतं. दहा वेळा उचलला तर तीनच धरतं आणि 'गुडघा सरळ ठेवा' म्हणत बसतं. सासूबाई म्हणतात, "माझा पाय सरळच हाय, त्याचाच डोळा तिरळा." बंद करू का?
– एक सून, तासगाव तालुका

उत्तर : बंद नको. सासूबाई नऊवारी नेसतात ना? तुम्ही लिहिलं नाहीत, पण माझी पैज. असली ॲप चित्रात कंबर, गुडघा आणि घोटा कुठं आहे ते ठरवतात आणि त्यावरून कोन काढतात. लुगड्याच्या घोळात गुडघा सापडला नाही की ॲप अंदाजानं ठोकून देतं. व्यायामाच्या वीस मिनिटांपुरती तुमची सलवार घालायला द्या. लाजतील, तर दार लावून घ्या. मोबाइल बाजूनं, कॉटच्या उंचीला, सहा-सात फुटांवर ठेवा. खिडकी मोबाइलच्या मागं हवी, सासूबाईंच्या मागं नको. आणि व्यायाम कॉटवरच, जमिनीवर बसवू नका.

आता खरी गोष्ट. ॲपला कोन दिसतो, मांडी आवळली का हे दिसत नाही. माझ्या आईनं ऑपरेशनआधी असेच रोज तीस-तीस आकडे पुरे केले. मी मांडीला हात लावून बघितलं तर पुढचा स्नायू लोण्यासारखा. कंबरेच्या हिसक्यानं पाय वर जात होता, आणि ॲप शाबासकी देत होतं! मी स्वतः फिजिओथेरपिस्ट, सांगलीत दवाखाना, आणि घरात हे. म्हणून आधी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती खाली दाबायला सांगा आणि तुमचा तळवा मांडीवर ठेवा. मांडी टणक झाली, गुडघ्याची वाटी वर सरकली, की पाच आकडे मोजायचे. असं दहा वेळा. मोजायचं सासूबाईंनी आणि मोठ्यानं. मनात मोजताना माणूस श्वास कोंडतो, बीपीवाल्यांना ते बरं नाही. मग गुडघा ताठ ठेवून पाय फूटभर उचलणं. सहाच नीट झाले तर सहा. ॲपला दहा हवेत, पण ऑपरेशननंतर वॉकर धरून उभं राहताना हाच स्नायू लागतो, आकडा नाही.

व्यायामानंतर थोडं दुखणारच. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीपेक्षा जास्त दुखत असेल किंवा गुडघा सुजला असेल तर निम्मं करा. एका पायाची पोटरी अचानक सुजली, गरम लागली, दुखायला लागली, तर ॲप नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

मोबाइलचा खरा फायदा वेगळाच. आठवड्यातून एकदा व्यायामाचा मिनिटभराचा व्हिडिओ फिजिओथेरपिस्टना व्हॉट्सॲपवर पाठवा. गावातून मिरजेपर्यंतची एक खेप वाचते, आणि चूक तिथल्या तिथं कळते. रेंज नसेल तर नंतर पाठवा, घाई नाही.

तिरळ्या डोळ्याचं म्हणाल, तर कॅमेऱ्याची काच एकदा पुसून बघा. भाकरीच्या पिठाचा हात लागलेला असतो.