अपरूप, बहुरूप की समरूप?

प्रश्न असा: पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत मिळणाऱ्या निळ्या खनिजाविषयी वाचताना 'कॅव्हन्साइट आणि पेंटागोनाइट ही एकमेकांची अपरूपे आहेत' असे वाक्य आले. हिरा आणि ग्रॅफाइट ही कार्बनची अपरूपे, हे शाळेत शिकलो. तोच शब्द इथे चालेल का?

माझ्या मते चालू नये. 'अपरूप' मूलद्रव्यासाठी ठेवावा. कॅव्हन्साइट हे संयुग आहे. कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकॉन या घटकांच्या नावांचे तुकडे जोडूनच त्याचे नाव झाले. ते 1967 मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनात सापडले आणि 1973 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. पेंटागोनाइटचे रासायनिक सूत्र अगदी तेच, व्हॅनेडियममुळे येणारा निळा रंगही तसाच. फरक आहे तो विणीत. दोन्हींत सिलिकेटचे चतुष्फलक (चार त्रिकोणी बाजूंचे एकक) एकमेकांना जोडून थर होतात, व्हॅनेडियम ते थर सांधतो आणि मधल्या पोकळ्यांत कॅल्शियम व पाणी राहते. पण कॅव्हन्साइटच्या थरात चार-चार आणि आठ-आठ चतुष्फलकांची कडी असतात, तर पेंटागोनाइटच्या थरात सहा-सहांची. पेंटागोनाइटचे पाच स्फटिक जुळून पंचकोनी तारा होतो, म्हणून ते नाव.

अशा जोडीला 'बहुरूप' म्हणावे. रूपे दोनच असल्याने 'द्विरूप' अधिक नेमके. मला 'बहुरूप' हा शब्द फार आवडतो, कारण दारी येणारा बहुरूपी त्यात दिसतो: माणूस तोच, सोंग वेगळे.

'समरूप' याच्या अगदी उलट. सोंग तेच, आतला माणूस बदललेला. आपल्या काळ्या बेसाल्टमधल्या प्लॅजिओक्लेज फेल्स्पार या खनिजात कॅल्शियम-ॲल्युमिनियमच्या जोडीची जागा सोडियम-सिलिकॉनची जोडी कमी-जास्त प्रमाणात घेते. रसायन बदलत जाते, सांगाडा जवळजवळ तसाच राहतो. भूमितीतले समरूप त्रिकोण आठवा: आकार सारखा, मापे निराळी. तोच अर्थ इथे टिकला आहे, म्हणून बहुरूपाच्या जागी समरूप लिहिणे ही अपरूप लिहिण्याहून मोठी चूक ठरेल.

तेव्हा वाक्य असे करावे: 'कॅव्हन्साइट आणि पेंटागोनाइट ही एकाच संयुगाची द्विरूपे आहेत.'