नियुक्तीपत्र आधी वाच

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

पत्रकारितेची पदविका झाली, पोलीस भरतीसाठी पहाटे आठशे मीटरचा सरावही चालू आहे, आणि घरचे विचारतात, "पगार कशात जास्त?" हा प्रश्न हलका नाही, मुळीच संकोचू नकोस. मी तेवीस वर्षं क्राइम बीट केलं, म्हणजे गुन्ह्यांच्या बातम्या दिल्या. पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून दोन्हीकडचं पाहिलं आहे.

पोलीस शिपायाचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाप्रमाणे २१,७०० रुपयांपासून सुरू होतं. वर महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता. दहा वेतनवाढींनी मूळ वेतन २९,३०० होतं. बढती रखडली तरी दहा, वीस, तीस वर्षांच्या टप्प्यांवर वरची वेतनश्रेणी देणारी आश्वासित प्रगती योजना आहे. एमपीएससीतून फौजदार झालीस तर सुरुवातच ३८,६०० पासून. हे सगळं शासन निर्णयात छापलेलं असतं, साहेबाच्या मर्जीवर नसतं.

त्याची किंमतही मोजावी लागते. विसर्जनाच्या रात्री एक महिला शिपाई व्हॅनच्या आडोशाला उभ्याउभ्या डबा खात होती. सकाळी सातला आलेली, रात्रीचे अकरा वाजलेले. मीही तिथंच उपाशी होतो, पण तिचा पगार ठरलेल्या दिवशी खात्यात पडणार होता. माझा दीड महिना थकला होता.

आमच्याकडे कायदा नव्हता असं नाही. पत्रकारांचे पगार ठरवणाऱ्या मजिठिया वेतन मंडळाची अधिसूचना २०११ मध्ये निघाली, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्याच सुमारास कचेरीत माझ्यापुढे एक कागद आला: 'मला सध्याचाच पगार मान्य आहे.' घरी हप्ते होते, मी सही केली. अशा कागदाच्या जोरावर मंडळाने ठरवल्यापेक्षा कमी पगार देता येत नाही, हे न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं. तोवर मी ती नोकरी सोडली होती.

मोठ्या शहरातल्या वाहिनीत किंवा इंग्रजी दैनिकात चांगला पगार मिळतोही. तालुक्याच्या वार्ताहराचं मात्र वेगळं. तुटपुंजं मानधन, आणि खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. दिवाळी पुरवणीचं टार्गेट घेऊन ज्या बिल्डरच्या दारात जायचं, त्याच्या बेकायदा मजल्याची बातमी कशी लिहिणार? पगार नीट नसला की पहिला घाव बातमीवर बसतो. माझ्या हाताखालची दोन गुणी पोरं यातच अडकून गप्प झाली, ते आजही सलतं.

मला विचारशील तर भरतीचा फॉर्म भर, परीक्षा मनापासून दे. तरीही ओढ बातमीचीच असेल तर ये, पण तोंडी शब्दावर रुजू होऊ नकोस. पद, मूळ पगार, पीएफ आणि पगाराची तारीख नियुक्तीपत्रात लिहून घे. जाहिरातीचं टार्गेट त्यात दिसलं तर नाही म्हण.

सही करण्याआधी पत्राचा फोटो मला पाठव. रविवारी मी घरीच असतो.

तुझा,
काका