शंकरपटाचा (बैलजोड्यांच्या शर्यतीचा) मोबाईल गेम बनवतोय. बैलांच्या खुरांचा बेस फोनवर ऐकूच येत नाही, काय करू?

बेस आणखी वाढवू नका, खुरांच्या आवाजाला थोडं सॅच्युरेशन (आवाज किंचित फाटू देणारा इफेक्ट) द्या. फोनचा बारका स्पीकर साधारण २०० हर्ट्झच्या खालचं फारसं वाजवतच नाही. ६० हर्ट्झचा धप्पा सॅच्युरेट केला की १२०, १८०, २४०, ३०० असे वर वर त्याचे हार्मोनिक्स (मूळ कंपनसंख्येच्या पटीतले सूर) तयार होतात, त्यातले २०० च्या वरचे फोनवर ऐकू येतात आणि त्यावरून कान मूळचा खोल आवाज स्वतःच जुळवून घेतो. गर्दीचा गलका, धुरकऱ्याची आरोळी, वारा यांना १०० हर्ट्झवर हाय-पास (त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर) लावा. वावरातल्या रेकॉर्डिंगमध्ये तर वाऱ्याची घरघर हमखास असते, आणि जोडीचे खूर एकदम पडले की तिच्यामुळेच मिक्स फाटतं. मात्र हेडफोनवर हेच सॅच्युरेशन खरखरीत वाटू शकतं, तेव्हा दोन्हींवर ऐकूनच प्रमाण ठरवा.