स्फोट कुठे झाला, ते दुर्बिणीला कळतं कसं?

प्रश्न : गॅमा-किरण स्फोटाची (दूरच्या अवकाशातल्या क्षणिक, प्रचंड स्फोटाची) जागा निरीक्षकांपर्यंत कशी पोहोचते? आमच्या मंडळाच्या दुर्बिणीतून पाठपुरावा करता येईल का?

उत्तर : येईल, पण घाई हवी. उपग्रहाने टिपलेली जागा जीसीएन या नासाच्या सूचना-जाळ्यातून काही सेकंदांत संगणकांना मिळते. पाठोपाठ माणसांनी लिहिलेली परिपत्रकं येतात.

आधी त्रुटी-त्रिज्या, म्हणजे दिलेली जागा किती चुकू शकते ते पाहा. फर्मी उपग्रहाच्या जीबीएम या शोधकाने दिलेली जागा कित्येक अंशांनी चुकू शकते. लहान क्षेत्राच्या दुर्बिणीने तिच्यामागे लागू नये. स्विफ्ट उपग्रहाच्या बॅट या शोधकाची त्रिज्या साधारण ३ कलामिनिटं (अंशाचा साठावा भाग म्हणजे कलामिनिट, त्याचा साठावा कलासेकंद), आणि त्याच्याच एक्सआरटी या क्ष-किरण दुर्बिणीने दुरुस्त केलेली जागा काही कलासेकंदांत बसते. सुधारित सूचना येत राहतात, म्हणून नेहमी ताजीच वापरा.

सर्वाधिक गोंधळ विषुवांशाचा, म्हणजे आकाशातल्या पूर्व-पश्चिम निर्देशांकाचा. सूचनेत तो अंशांत असतो. दुर्बिणीला तो तासांत द्यायचा असेल, तर १५० अंश म्हणजे १० तास. जे२००० (इ.स. २००० सालासाठीचे) आणि चालू निर्देशांकांची गल्लत झाली, तर परांचनामुळे (पृथ्वीचा अक्ष हळूहळू फिरत असल्यामुळे) सुमारे २० कलामिनिटांचा फरक पडतो आणि स्फोट चौकटीबाहेर जातो!

उत्तरदीप्ती, म्हणजे स्फोटानंतर मागे उरणारा प्रकाश, बहुधा काळाच्या व्यस्त प्रमाणात मंदावते : दसपट वेळेत अडीच प्रती (प्रत म्हणजे तेजस्वितेचं माप). काही दिसलं नाही तरी कळवा. मर्यादा-प्रतही, म्हणजे तुमच्या चित्रात दिसू शकणाऱ्या सर्वांत मंद ताऱ्याची प्रतही, उपयोगाची असते. सोबत फिल्टर, उद्भासन (चित्र घ्यायला लागलेला वेळ) आणि स्फोटापासून त्या उद्भासनाच्या मध्यापर्यंतचा काळ द्याच.