सरकारी उधळपट्टी, परप्रांतीयांची गर्दी आणि भाषा धोरण या सगळ्याची चीड येते. सामान्य माणसाने करायचं काय?

तुम्ही लिहिलंय की कर भरून रस्ते तसेच, बाहेरून लोंढे येतायत, मराठी मागे पडतेय, मग पुढच्या मतदानात सरळ 'नोटा'चं, म्हणजे 'वरीलपैकी कोणी नाही'चं बटण दाबू का? नोटाचं शेवटी सांगतो. चीड मलाही येते, पण ती जरा वेगळ्या पत्त्यावर जाते.

मी सरकारी कामं घेणाऱ्या दोन-तीन लहान ठेकेदारांचे हिशेब लिहितो. त्यामुळे सरकारचा पैसा कुठे अडतो आणि साईटवर कोण राबतं, हे एकाच टेबलावर दिसतं.

आधी पैसा. राज्याचा 2025-26 चा अर्थसंकल्प 7 लाख कोटींचा, त्यात महसुली तूट 45,891 कोटींची, आणि वर्षअखेरीस कर्ज 9.32 लाख कोटींवर जाईल असा तेव्हाचा अंदाज. लाडकी बहीण योजनेसाठी 36,000 कोटी. महिना दीड हजारांचं मोल काय असतं ते ज्या घराला माहीत आहे, त्या घराबद्दल मी चकार शब्द काढणार नाही. मला खटकते ती घाई. जुलै 2024 ला योजना सुरू, नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक, आणि पडताळणी त्यानंतर सवडीने. पुढच्या जुलैत सरकारनेच सांगितलं की 26 लाखांच्या आसपास लाभार्थी निकषांत बसत नसल्याचं दिसतंय. बहिणींच्या यादीत हजारो पुरुषही निघाले! मे 2025 मध्ये तर सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी आपल्या खात्याचे 410 कोटी या योजनेकडे वळवल्याची जाहीर तक्रार केली. मंत्रिमंडळात बसणाऱ्याला हे पत्रकारांपुढे बोलावं लागतं, तिथे तुमच्या-आमच्या अर्जाला कोण विचारतो?

याचा खालपर्यंत परिणाम कसा होतो ते सांगतो. काम झालं, मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली, बिल मंजूर झालं. मग उत्तर येतं, "निधी आला की देऊ." ठेकेदार तोवर व्याजाने पैसे उचलून गाडा ओढतो. तो मुकादमाचे पैसे लांबवतो, मुकादम मजुरांचे. आणि या साखळीच्या शेवटी जो माणूस उभा आहे, त्यालाच तुम्ही प्रश्नात "लोंढे" म्हटलंय.

त्याला का आणतात, हे मुकादम मोकळेपणाने सांगतात. टोळी एका गावची असते, साईटवरच पत्र्याच्या खोलीत राहते, बारा तास काम करते, घरी लग्न-मयत असलं तरी लगेच निघता येत नाही, कारण उचल, म्हणजे कामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, फिटलेली नसते. गावातला पोरगा संध्याकाळी घरी जातो, मजुरी थकली की चार माणसं घेऊन दारात येतो. म्हणून तो नकोसा. इथे मराठी-अमराठी प्रश्न नंतरचा. आधी कुणाला दाबून ठेवता येतं हा प्रश्न आहे. आपल्या बीडचे ऊसतोड कामगार कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात, तेव्हा ते तिथले परप्रांतीयच की. त्यांनाही अशीच उचल बांधून ठेवते.

घटनेच्या कलम 19 प्रमाणे देशात कुठेही जायचा, राहायचा हक्क आहे, त्यामुळे "येऊ देऊ नका" ही मागणी कायद्यापुढे टिकत नाही. हरियाणाने खाजगी नोकऱ्यांत स्थानिकांना 75 टक्के जागा देणारा कायदा केला होता, उच्च न्यायालयाने तो 2023 मध्ये रद्द केला. पण आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी 1979 चा कायदा होता: ठेकेदाराने परवाना घ्यायचा, मजुरांची नोंद ठेवायची, प्रवासभत्ता द्यायचा. स्थलांतरित कामगारांच्या तरतुदी आता 2020 च्या कामगार संहितेत आहेत. हे नीट पाळलं तर बाहेरचा मजूर स्वस्त राहत नाही आणि गावच्या पोरालाही भाव येतो. पण ते पाळून घ्यायला मोर्चा कोण काढणार? फेरीवाल्याच्या कानाखाली वाजवली की व्हिडिओ होतो, परवान्याच्या वहीचा होत नाही.

भाषेचं बघा. 16 एप्रिल 2025 ला पहिलीपासून हिंदी सक्तीचा निर्णय काढला, जूनमध्ये "सर्वसाधारणपणे" असा शब्द घालून तो फिरवला आणि 29 जूनला दोन्ही आदेश मागे घेऊन समिती नेमली. विरोध झाला ते बरंच झालं, माझाही होता. पण त्याच राज्याने 2020 मध्ये सगळ्या शाळांत मराठी सक्तीची केली आणि 2023 मध्ये इतर मंडळांच्या (सीबीएसई, आयसीएसई वगैरे) शाळांना सवलत दिली की मराठीचे गुण धरू नका, श्रेणी पुरे. त्यावर किती जण रस्त्यावर उतरले? मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरवणाऱ्या, निर्णयाने तर सहावी ते आठवीत वीसपेक्षा कमी मुलं असतील तर शिक्षकच मंजूर न करण्याची सोय केली. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा 3 ऑक्टोबर 2024 ला मिळाला, पेढे वाटले, छान. पण साईटवरच्या त्या मजुराची पोरगी मराठी शिकणार कुठे? जिल्हा परिषदेच्या शाळेतच ना? परप्रांतीयाला मराठी करून घेणारी इतकी स्वस्त यंत्रणा राज्याकडे दुसरी नाही, आणि पट कमी म्हणून नेमकी तीच आवळायची.

आता करायचं काय. तुमच्या भागात जे काम चालू आहे, त्याबद्दल दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका. अंदाजपत्रकी रक्कम, आजवर दिलेली बिलं, मजूर पुरवणाऱ्याचा परवाना आणि बांधकाम कामगार कल्याणाचा 1 टक्का उपकर भरल्याची पावती, एवढंच मागा. "भ्रष्टाचार झाला आहे का" असलं विचारू नका, त्याला उत्तर येत नाही. कागद मागितला की टाळणं जड जातं, आणि टाळलं तर अपिलाला मुद्दा मिळतो.

राहिला नोटा. 2019 च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये नोटा 27 हजारांवर मतं घेऊन दुसरा आला. पहिला आलेला उमेदवार तरीही आरामात आमदार झाला, आणि विधानसभेला नोटा पहिला आला तरी त्याच्या खालचा उमेदवारच निवडून येतो. महापालिका-नगरपालिकांसाठी मात्र राज्य निवडणूक आयोगाचा 2018 चा आदेश आहे: नोटाला सर्वाधिक मतं पडली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची. तेव्हा दाबायचाच असेल तर नगरसेवकाच्या वेळी दाबा. आमदारकीला मत फुकट घालवू नका.